रोजा कोणत्या विमानतळाच्या वेळेने?

पुण्याचा लोहगाव विमानतळ आणि मुंबईचा सहार विमानतळ यांच्यात सरळ रेषेत सुमारे १२४ किलोमीटर अंतर आहे. एवढ्या अंतरासाठी विमान आकाशात असते ते जेमतेम अर्धा तास. चाकणहून मोटारीने निघालेला माणूस तळेगाव चौकातली कोंडी, घाट, टोलनाके आणि मुंबईतली गर्दी पार करून चार तासांत सहारला पोहोचला तर नशीबवान म्हणायचा. सूर्य मात्र हेच अंतर चार मिनिटांत कापतो. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात आणि पुणे-मुंबईच्या रेखांशात फरक आहे तो एका अंशाच्या आसपास. म्हणून पिंपरी-चिंचवडमध्ये मगरिबची अजान होते, त्यानंतर साधारण चार मिनिटांनी मुंबईत होते.

एरवी चार मिनिटांची पर्वा कोण करतो? रमजानमध्ये मात्र करावी लागते. रोजा सुरू होतो तो पहाटेच्या पहिल्या उजेडाला, म्हणजे सुबह सादिकला. आणि सुटतो तो सूर्य पूर्ण मावळल्यावर. या दोन्ही वेळा घड्याळाने दाखवायच्या म्हणून दरवर्षी रमजानच्या तोंडावर सेहरी-इफ्तारचे कार्ड छापले जाते. भोसरीतल्या किराणा दुकानापासून चाकणच्या मोबाईलच्या दुकानापर्यंत ते फुकट मिळते. एका बाजूला दुकानदाराची जाहिरात, दुसऱ्या बाजूला तीस दिवसांचा तक्ता. आमच्या बहुतेक घरांत ते फ्रिजवर चिकटवलेले असते. कार्डाच्या वर बारीक अक्षरात ‘पुणे व परिसरासाठी’ असे लिहिलेले असते. ही ओळ फारसे कोणी वाचत नाही, आणि घरात बसून इफ्तार करणाऱ्याला ती वाचायची गरजही नसते. गरज पडते ती प्रवासाला निघणाऱ्याला. आणि रमजानमध्ये आपल्या या कारखान्यांच्या पट्ट्यातून प्रवासाला निघणारे थोडेथोडके नसतात. कोणी उमराहला निघतो, कोणी ईदसाठी बिहार-बंगालला, कोणी कंपनीच्या कामासाठी दुबईला किंवा जर्मनीला.

यातले उमराहचे प्रवासी बहुतांशी मुंबईहून जातात. किवळे ते कळंबोली हा द्रुतगती महामार्ग ९४.५ किलोमीटरचा. संध्याकाळच्या विमानासाठी निघालेल्यांची इफ्तार अनेकदा याच रस्त्यावर, खालापूरच्या किंवा पनवेलच्या आसपास, गाडीतच होते. तेव्हा कार्ड कोणते पाहायचे? नियम सोपा आहे: माणूस ज्या जागी आहे तिथला सूर्य मावळला पाहिजे. पुण्याच्या कार्डावर ६ वाजून ३९ मिनिटे लिहिले असतील आणि तुम्ही पनवेलला असाल, तर आणखी तीन मिनिटे थांबा. सहारला पोहोचला असाल तर चार. पुण्याच्या वेळेवर मुंबईत खजूर तोंडात टाकला तर तो रोजा सूर्यास्ताआधीच सुटला, आणि नंतर तो कजा ठेवावा लागतो, म्हणजे त्याच्या बदली एक रोजा. सेहरीला उलटा प्रकार. मुंबईचे कार्ड घेऊन पुण्यात सेहरी करणारा चार मिनिटे जास्त खात बसतो. पुण्यातून मुंबईत शिकायला गेलेली मुले सुट्टीत घरी येताना तिथलेच ॲप फोनमध्ये ठेवून येतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगतो.

आता प्रश्न असा की, पिंपरी-चिंचवडच्या माणसाने मुंबईला जायचेच कशाला? लोहगाव तर घरापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे. पण लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो उभा राहिला आणि आजही धावपट्टी हवाई दलाचीच आहे. प्रवासी विमाने तिथे पाहुण्यासारखी वावरतात. जुलै २०२४ मध्ये नवे टर्मिनल प्रवाशांसाठी खुले झाले, चकचकीत आहे, पण टर्मिनल मोठे झाले म्हणून धावपट्टी लांब होत नाही. ती अडीच किलोमीटरच्या आसपास आहे. मोठ्या, रुंद विमानांना पूर्ण इंधन आणि पूर्ण प्रवासी घेऊन उडायला ती अपुरी पडते. २००८ साली इथून फ्रँकफर्टला लुफ्तान्साचे विमान सुरू झाले होते. सगळ्या खुर्च्या बिझनेस क्लासच्या. चाकणला जर्मन गाड्यांचे कारखाने उभे राहत होते तेच हे दिवस; ते विमान कोणासाठी होते हे सांगायला नको. ६,७०० किलोमीटरच्या त्या प्रवासात छोटे विमान इंधनासाठी वाटेत थांबत असे. हजच्या विमानांचे म्हणाल तर राज्यात ती मुंबई, नागपूर आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरहून गेलेली आहेत. पुणे त्या यादीत नाही.

चाकणलाच विमानतळ होणार, अशी चर्चा आम्ही कित्येक वर्षे ऐकली. खेड तालुक्यातल्या जागा पाहून झाल्या, शेतकऱ्यांचा विरोध झाला, आजूबाजूच्या डोंगरांमुळे जागा योग्य नाही असे ठरले आणि २०१६ मध्ये प्रकल्प पुरंदरकडे गेला. आता तिथल्या गावांतही तोच विरोध आहे. बागायती जमीन देणाऱ्याचे दुःख आणि विमानासाठी रात्री दोनला घर सोडणाऱ्याचा त्रास यांची तुलना होऊ शकत नाही, हे माझे मत. ते असो. आपल्या पट्ट्याला त्यातल्या त्यात जवळ आला तो नवी मुंबईचा विमानतळ. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून देशांतर्गत विमाने उडू लागली. उद्या तिथून आखाताकडे विमाने निघू लागली तर चाकणकराची वाट बरीच कमी होईल.

मुंबई ते जेद्दा हे हवाई अंतर सुमारे ३,५२० किलोमीटर आहे. मदिना त्याहून पन्नासेक किलोमीटरने जवळ. जाताना साधारण सव्वापाच ते साडेपाच तास लागतात आणि येताना त्याहून कमी, पाचच्या आत-बाहेर. अंतर तेच, मग वेळ वेगळा का? हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला या पट्ट्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना विमान त्यांच्या विरुद्ध जाते, येताना ते पाठीवर घेऊन येते. शिवाय तिकिटावर जो वेळ लिहिलेला असतो तो चाके हलल्यापासून चाके थांबेपर्यंतचा. मुंबईत धावपट्टीवर रांगेत उभे राहण्याची वीस-पंचवीस मिनिटेही त्यातच आली.

आपल्या आजोबांच्या पिढीला हा हिशेब ऐकवला असता तर त्यांनी हसून मान हलवली असती. मुंबईहून जेद्दा समुद्रमार्गे सुमारे २,३०० सागरी मैल आणि जहाजाला लागत बारा ते पंधरा दिवस. मोगल लाईनची जहाजे, मुंबईतला साबू सिद्दीक मुसाफिरखाना, बंदरावर निरोप द्यायला आलेले अख्खे गाव, हे सगळे आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात असायचे. १९९५ नंतर हजची जहाजे बंद झाली. पण जहाजाची एक सोय होती. जहाज इतक्या सावकाश पश्चिमेला सरकायचे की सूर्य रोज दहा-बारा मिनिटेच उशिरा मावळायचा. शरीराला आणि घड्याळाला सवय व्हायला वेळ मिळायचा. विमान तेवढा वेळ देत नाही.

मुंबई आणि जेद्दा यांच्या रेखांशात जवळपास ३४ अंशांचा फरक आहे. अंशाला चार मिनिटे धरली तर सव्वादोन तास. म्हणजे जेद्दाचा सूर्य मुंबईपेक्षा सव्वादोन तास उशिरा मावळतो. घड्याळातला फरक मात्र अडीच तासांचा आहे, कारण घड्याळ शहराचे नसून देशाचे असते. आपले मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवर चालते आणि सौदीचे पंचेचाळीस अंशांच्या रेषेवर.

आता एक उदाहरण घेऊ. समजा फेब्रुवारीअखेरचा रोजा आहे. तिकिटावर लिहिले आहे, मुंबईहून प्रस्थान दुपारी ४.३०, जेद्दाला आगमन संध्याकाळी ७.३०. वाचणाऱ्याला वाटते, तीन तासांचा तर प्रवास! पण दोन्ही वेळा आपापल्या गावच्या आहेत, प्रवास साडेपाच तासांचा आहे. विमान ४.५० च्या सुमारास आकाशात गेले. त्या क्षणी मुंबईत सूर्यास्ताला दोन तासांहून थोडा कमी वेळ उरलेला होता. ॲपमध्ये ६.४३ दिसते. पण विमान पश्चिमेला, सूर्याच्याच मागे धावते आहे. आपल्या अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,५७० किलोमीटर वेगाने फिरतो आणि विमान त्याच्या निम्म्याहून थोड्या जास्त वेगाने उलट दिशेने जाते. त्यामुळे सूर्य खिडकीतून निम्म्याच वेगाने खाली उतरताना दिसतो. जमिनीवर दोन तासांत संपणारा दिवस आकाशात चार तासांच्या आसपास चालतो. मुंबईच्या घड्याळात साडेआठ वाजून गेलेले असतात, खाली अरबस्तानची वाळू असते, तेव्हा कुठे सूर्य मावळतो. मुंबईत तोवर तरावीहची जमात उभी राहिलेली असते.

चाकणमध्ये सेहरी करून जेद्दात इफ्तार करणाऱ्याचा रोजा त्या दिवशी तेरा तासांऐवजी सव्वापंधरा तासांचा होतो. धडधाकट माणसाला यात विशेष काही नाही. लंडनचा उन्हाळी रोजा याहून मोठा असतो. पण उमराहच्या गटात धडधाकट माणसे कमी आणि आयुष्यभर पैसे साठवून साठीनंतर निघालेली माणसे जास्त असतात.

माझी खाला पिंपरीत राहते. तिला बरीच वर्षे मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. काही वर्षांपूर्वी ती रमजानमध्ये उमराहला गेली. पहाटे घरी सेहरी केली, सेहरीबरोबरची गोळी घेतली, दुपारी गटाबरोबर बसने मुंबईला गेली आणि संध्याकाळच्या विमानात बसली. हिशेब मनात पक्का होता: पावणेसातला रोजा सुटेल, मग जेवण, मग दुसरी गोळी. पावणेसातच्या सुमारास विमानात चार-पाच फोनमधून एकदम अजान वाजली. फोन विमान मोडवर होते, पण ॲपमध्ये मुंबईचा तक्ता भरलेला होता, तो आपल्या वेळेला बोलला. पुढच्या रांगेतल्या काहींनी बिस्मिल्ला म्हणून खजूर तोंडात टाकले. खिडकीशी बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पडदा वर केला. बाहेर लख्ख ऊन. ते म्हणाले, “अरे भाई, सूरज तो ये सामने खड़ा है, रोजा कैसा खोलते?”

मग वाद सुरू झाला. कोणी म्हणाले, आपण मुंबईहून निघालो, आपला रोजा मुंबईचा. कोणी म्हणाले, जेद्दाची वेळ धरा. एकाने एअर होस्टेसला विचारले, तिने बिचारीने जेद्दाला उतरायची वेळ सांगितली. गटाच्या प्रमुखाला स्वतःलाच माहीत नव्हते. खालाने ठरवले, सूर्य दिसतोय तोवर थांबायचे. ती थांबली. तासाभराने तिच्या हाताला कंप सुटला, अंग घामाने भिजले, शेजारच्या बाईंशी बोलताना शब्द अडखळू लागले. त्या बाईंच्या लक्षात आले. त्यांनी साखरेची पुडी फोडून तिच्या जिभेवर टाकली आणि वर पाणी पाजले. सूर्य अजून तासभर तरी वर होता. खाला सावरली. परत आल्यावर डिसेंबरच्या छोट्या दिवसात तिने तो रोजा कजा ठेवला. आजही कोणी तिला “खाला, रोजा टूट गया ना?” असे विचारले की ती म्हणते, “टूटा नहीं रे, डिसंबर में डाल दी मैं.”

साखर एकदम उतरणे हा थट्टेचा विषय नाही. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन उपाशीपोटी साखर धोक्याच्या पातळीपर्यंत खाली नेऊ शकतात. तेरा तासांच्या रोजासाठी डॉक्टरांनी लावून दिलेला डोस सव्वापंधरा तासांना चालेलच असे नाही. म्हणून डॉक्टरांकडे जाताना तिकीट सोबत न्यावे आणि सरळ विचारावे: या दिवशी माझी इफ्तार आपल्या वेळेने रात्री साडेआठ-नऊला होणार आहे, गोळीचे काय करू? हा प्रश्न विचारणारा रुग्ण डॉक्टरांनाही आवडतो. आणि डॉक्टर त्या दिवशी रोजा नको म्हणाले तर तो हुकूम मनापासून मानावा. कुरआनच्या दुसऱ्या सुऱ्यात रोजाचा आदेश जिथे आला आहे, तिथेच आजारी आणि मुसाफिर यांनी हे दिवस नंतर भरून काढावेत असेही आले आहे. सवलत नंतर कोणी मागून घेतलेली नाही, ती हुकुमाबरोबरच आलेली आहे.

मुसाफिर कोणाला म्हणायचे, यालाही अंतराचा हिशेब आहे, आणि तो आपल्या पट्ट्याला लावून पाहण्यासारखा आहे. आपल्याकडे बहुतेक लोक हनफी पंथाचे. त्यातल्या देवबंदी उलेमांच्या मते ४८ मैल, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटरच्या प्रवासाला निघालेला माणूस मुसाफिर ठरतो. बरेलवी उलेमा ९२ किलोमीटरच्या आसपास धरतात. चाकणहून लोहगावला कोणाला सोडायला गेलात तर तुम्ही मुसाफिर नाही, वाहतुकीत तीन तास अडकलात तरी नाही. मुंबई दोन्ही हिशेबांत बसते. मोजणी घरापासून होत नाही, गावाच्या वस्तीच्या हद्दीपासून होते. पिंपरी-चिंचवडची वस्ती आता पुण्याला अशी चिकटली आहे की ही हद्द नेमकी कुठे संपते, यावर आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एकदा पाऊण तास चर्चा झाली होती. भूगोलाचे सर एका बाजूला आणि उर्दूचा मी दुसऱ्या बाजूला. निष्पन्न काहीच झाले नाही.

इथे आणखी एक बारीक गोष्ट आहे आणि विमानाच्या वेळेशी तिचा थेट संबंध आहे. हनफी मतानुसार, सुबह सादिकच्या वेळी माणूस आपल्या गावातच असेल आणि नंतर दुपारी प्रवासाला निघणार असेल, तर त्या दिवसाचा रोजा त्याने ठेवायचा. केवळ ‘आज प्रवास आहे’ म्हणून पहाटेपासून तो सोडता येत नाही. याउलट, पहाट होण्याआधीच गावाची हद्द ओलांडली असेल तर तो त्या क्षणी मुसाफिर आहे आणि त्याला सवलत आहे. सकाळी सातचे आंतरराष्ट्रीय विमान असेल तर तीन तास आधी, म्हणजे चारला सहारला पोहोचायचे, म्हणजे चाकण मध्यरात्रीच सोडायचे. हा प्रवासी पहाटेला मुसाफिर असतो. दुपारी साडेचारच्या विमानाचा प्रवासी सेहरीला घरीच असतो. एकाच शहरातून, एकाच विमानतळावरून, एकाच दिवशी निघालेल्या दोघांना वेगळा नियम लागतो. आजाराची सवलत मात्र दोघांनाही आहे, ती वेळेवर अवलंबून नाही. मी मुफ्ती नाही, भाषा शिकवणारा माणूस आहे. आपापल्या मशिदीतल्या मौलानांना तिकीट दाखवून विचारून घ्यावे. तिकीट काढण्यापूर्वी विचारले तर आणखी उत्तम. म्हातारी माणसे असतील तर पहाटेआधी घर सोडावे लागेल असे किंवा इफ्तारनंतरचे, रात्रीचे विमान पाहता येते.

विमानातल्या सूर्याबद्दल एक गोष्ट राहिली. आपण अकरा किलोमीटर उंचीवर असतो तेव्हा क्षितिज खाली सरकलेले असते, त्यामुळे खालच्या गावात सूर्य मावळला तरी वर तो दिसत राहतो. एकाच जागी थांबलो असतो तरी हा फरक चौदा-एक मिनिटांचा झाला असता. पश्चिमेला जाताना तो आणखी वाढतो. हे फक्त विमानातच होते असे नाही. दुबईतल्या बुर्ज खलिफाबाबत २०११ मध्ये तिथल्या धार्मिक खात्याने सांगितले होते की, ८० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी इफ्तार दोन मिनिटे उशिरा करावी आणि १५० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी तीन मिनिटे. वाकड-रावेतच्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी लगेच फोन करू नये. तीस मजल्यांना जो साधारण मिनिटभराचा फरक पडतो तो कार्ड छापताना धरलेल्या सावधगिरीच्या वेळेत बहुधा मावतो.

पश्चिमेचे एवढे बोललो, पूर्वेचेही बोलले पाहिजे. चाकण, म्हाळुंगे, कुरुळीच्या खोल्यांमध्ये राहणारी बंगाल-बिहारची हजारो मुले ईदला घरी निघतात. बहुतेक जण रेल्वेनेच. पण सणाला दोन दिवस कमी मिळाले की काही जण हल्ली विमानाचेही पाहतात. पुणे ते कोलकाता हवाई अंतर सुमारे १,५८० किलोमीटर, वेळ अडीच तासांच्या आसपास. दोन्हीकडे घड्याळ एकच, पण सूर्य एक नाही. फेब्रुवारीअखेरीस कोलकात्यात इफ्तार ५.४० च्या सुमारास होते, पाटण्यात ५.५० ला आणि आपल्याकडे ६.३९ ला. चाकणमधला मुलगा दुसऱ्या पाळीच्या मधल्या सुट्टीत इफ्तारची वाट पाहत असतो आणि आई तिकडून फोनवर विचारते, “खाना खा लिया?” तिची इफ्तार होऊन तास झालेला असतो. हा मुलगा दुपारच्या विमानाने कोलकात्याला निघाला तर त्याला उलटा अनुभव येतो. विमान सूर्याकडे पाठ करून पळते, दिवस भराभर संपतो, आणि पुण्यात सुरू केलेला रोजा पाऊण-एक तास आधीच सुटतो. त्यात काही कमीपणा नाही. जिथे सूर्य मावळला तिथे रोजा पूर्ण झाला.

दिल्लीचे जरा गमतीचे आहे. पुणे-दिल्ली १,१६० किलोमीटर, विमानाला दोन-सव्वादोन तास. दिल्ली फारशी पूर्वेला नाही, तरी फेब्रुवारीअखेरीस तिथे सूर्य आपल्या वीसेक मिनिटे आधी मावळतो. कारण ती उत्तरेला आहे आणि तिथला हिवाळी दिवस आपल्यापेक्षा लहान. जूनमध्ये हे उलटे होते: दिल्लीचा दिवस मोठा आणि सूर्यास्त आपल्यानंतर. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे येत सगळे ऋतू फिरतो, त्यामुळे ‘दिल्लीला वीस मिनिटे आधी’ असे एकदा पाठ करून कायमचे चालत नाही. २०३० साली तर एकाच इंग्रजी वर्षात दोनदा रमजान सुरू होणार आहे, जानेवारीत आणि डिसेंबरात. तेव्हा हा वीस मिनिटांचा फरक आणखी वाढलेला असेल.

उमराहला जाणाऱ्यांसाठी विमानातले आणखी एक घड्याळ असते. जेद्दाला उतरण्याआधी मीकातची हद्द लागते. तिच्या आधी एहराम बांधून नियत केलेली असली पाहिजे. पूर्वी जहाजावर यलमलमची दिशा आली की भोंगा वाजवून सांगत आणि मग सगळे सावकाश तयारी करत. विमानात वैमानिक आधी सूचना देतो. पण विमान मिनिटाला चौदा किलोमीटर जाते. दहा मिनिटे स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली की १४० किलोमीटर मागे पडले, म्हणजे चाकण ते मुंबई जेवढे आहे तेवढे. म्हणूनच जाणती माणसे एहरामची वस्त्रे घरीच किंवा मुंबई विमानतळावर नेसून घेतात आणि विमानात फक्त नियत करतात.

परतीच्या प्रवासात दिवस आखूड होतो, हे आता वाचकांच्या लक्षात आले असेल. जेद्दात सेहरी करून सकाळच्या विमानाने निघालेल्याची इफ्तार मुंबईत सव्वादोन तास लवकर होते. त्याला वेगळाच पेच पडतो, तो तारखेचा. सौदीत चंद्र अनेकदा आपल्या एक दिवस आधी दिसतो आणि रमजान एक दिवस आधी सुरू होतो. तिथे पहिला रोजा ठेवून महिन्याच्या मध्यावर चाकणला परतलेल्या माणसाचे तीस रोजे पूर्ण होतात तेव्हा इथे एकोणतिसावा चालू असतो. इथे चंद्र दिसला नाही तर त्याला एकतिसावा रोजाही ठेवावा लागतो, कारण ईद तो जिथे आहे तिथल्या लोकांबरोबर करायची असते. उलट, इथे रमजान सुरू करून शेवटच्या दहा दिवसांसाठी मक्केला गेलेल्याचे तिथे ईद उजाडेपर्यंत कधी अठ्ठावीसच रोजे होतात. त्याने तिथे सगळ्यांबरोबर ईद करावी आणि घरी आल्यावर एक रोजा कजा ठेवावा. महिना एकोणतीस दिवसांपेक्षा कमी असत नाही.

निघताना ज्यांना एवढे सगळे लक्षात ठेवणे जमणार नाही, त्यांनी तीन गोष्टी एका चिठ्ठीवर लिहून पासपोर्टच्या पाकिटात ठेवाव्यात: आपल्या घड्याळाप्रमाणे विमानात सूर्यास्त साधारण किती वाजता होईल, औषध कधी घ्यायचे, आणि साखर उतरली तर शेजारच्याने काय द्यायचे. खालाच्या चिठ्ठीत आता चौथी ओळही आहे: ‘खिडकीची सीट’.